उन्हात बंद न होणारं दार

१

गेलन त्याच्याच गॅरेजच्या दाराखाली सापडला, तेव्हा बाहेर अशी थंडी होती की त्याच्या हातून सांडलेली कॉफी सिमेंटवर तपकिरी काचेसारखी गोठून बसली होती. खुब्याचं हाड मोडलेलं, डोक्याला मागून खोक, आणि उजव्या हाताची दोन बोटं हिमदंशाने काळी पडलेली. ती बोटं डॉक्टरांनी काढून टाकली.

गेलन ब्रेक्के माझा धाकटा भाऊ. मी लव्हॉन. माझी सगळी हयात विमा कंपनीसाठी दाव्यांची चौकशी करण्यात गेली. जळालेली कोठारं, फुटलेल्या बोटी, बर्फात रुतलेले ट्रक, आणि त्या प्रत्येकाच्या शेजारी उभा राहून साळसूद चेहऱ्याने बोलणारा कोणीतरी. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पण गेलनने मला पुनर्वसन केंद्रात बोलावून घेतलं. पुनर्वसन केंद्र म्हणजे मोडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतात ती जागा. आमच्या ओस्टबी गावात ती एकच आहे, तलावाच्या काठी.

"शुक्रवारी मला घरी सोडणार आहेत," तो म्हणाला. "मी जाणार नाही."

"का? इथली जेली आवडायला लागली वाटतं?"

तो हसला नाही. "लव्हॉन, मी पाय घातला होता. आणि दार थांबलं नाही."

आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. गॅरेजच्या दाराच्या दोन्ही बाजूंना, घोट्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन छोटे डोळे बसवलेले असतात. मध्ये काही आलं, पोर, मांजर, पाय, की उतरणारं दार उलटं वर जातं. सगळा गाव त्या डोळ्यांना गड्यासारखं राबवतो. घाईत निघताना त्यांच्यावरून उडी मारतो, म्हणजे दार बंद होत राहील. आणि आत काही विसरलं असेल तर उतरत्या दाराखाली खुशाल पाय घालतो, म्हणजे दार परत उघडेल. गेलन तर कॉफी पीत पीत पाय घालायचा. शिवाय थंडीत दार आखडतं म्हणून आमच्याकडचे लोक मोटारीचा जोर वाढवून ठेवतात. त्यानेही ठेवला होता. अंगाला लागून दार परत फिरेल, ही आशा तिथेच संपली. पण डोळे आहेत ना, मग कशाला काळजी!

"त्या सकाळी बाहेर आलो, बाहेरच्या चौकटीवरचे आकडे दाबून दार लावलं, आणि आठवलं की हातमोजे आत गॅरेजातल्या फ्रीझरवर राहिलेत," गेलन म्हणाला. "पाय घातला. दार आलं ते आलंच. पाठीवर पडलो, डोकं आपटलं, पुढचं काही आठवत नाही."

"शेरिफच्या डेप्युटी रॉनिंगने त्याच सकाळी दार तपासलं होतं ना?"

"तपासलं. खाली झाडू धरला, दार लगेच परत गेलं. डोळे ठणठणीत! आता सगळे म्हणतात, आजोबा, तुम्ही बर्फावरून घसरलात, डोक्याला मार लागलाय, उगाच कल्पना करू नका."

"आणि तू काय म्हणतोस?"

त्याने दाराकडे पाहून आवाज उतरवला. "डोळे ठणठणीत असतानाही दार खाली आणायची एक रीत आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीवर जे बटण आहे ते दाबून धरायचं. बोट उचललं नाही तर दार डोळ्यांना जुमानत नाही. घरात त्या वेळी एकच माणूस होतं."

ते माणूस म्हणजे त्याची बायको आर्लिस.

२

खरं सांगायचं तर ऐकताना मला आत कुठेतरी बरं वाटलं. आर्लिस मला कधीच पटली नाही. गेलनची पहिली बायको वारल्यावर ही त्याच्या आयुष्यात आली, त्याच्याहून बरीच लहान, बेमिजीला केस कापायचं दुकान चालवणारी. आल्या आल्या तिने आमच्या आईचे पडदे उतरवले. असल्या गोष्टी मी विसरत नाही.

दुपार कलताना तिच्याकडे गेले. तिने कॉफी ओतली, रुबार्बच्या वड्या पुढे ठेवल्या आणि उभीच राहिली.

"बसा म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बसायला आलेल्या दिसत नाही."

"त्या वेळी तू कुठे होतीस?"

"न्हाणीघरात. आदल्या रात्रीच फार्गोहून, मुलीकडून परत आलो होतो. आठवडाभराचा शीण होता. गरम पाण्याखाली उभी होते, रेडिओ लावलेला. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला, तशीच अंगाला पंचा गुंडाळून धावले. व्हर्लिन त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, आर्लिस, तू आत जा, गारठशील."

"भिंतीवरचं बटण?"

 तिने हातातला कप खाली ठेवला. "अच्छा. म्हणजे हे चाललंय. डेप्युटीने विचारलं नाही, डॉक्टरने विचारलं नाही. नणंदेने विचारलं."

"मी सगळ्यांनाच विचारणार आहे."

"विचारा. आणि विचारताय तर त्या दाराचंही बघा. मला वात आणलाय त्याने. सकाळी नीट लागतं. दुपारी चारच्या सुमाराला लावायला जा, अर्ध्यावर येतं आणि परत वर. रोज! शेवटी मलाच तुमचं ते भिंतीवरचं बटण दाबून धरावं लागतं. हो, धरते मी दाबून. लिहून घ्या."

"हे कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. रुग्णालयातून आले, एवढं सगळं झालेलं, आणि ते मेलं दार लागेना. त्याच्यापुढे बसून रडले मी."

"आधी असं होत नव्हतं?"

"सहा हिवाळे काढलेत या घरात. कधीच नाही."

आम्ही गॅरेजमध्ये गेलो. दार पश्चिमेकडे तोंड करून आहे. बर्फावरून येणारं तिरपं ऊन थेट आतपर्यंत शिरलं होतं. आर्लिसने बटण दाबलं. दार खाली येऊ लागलं. मध्ये माणूस नव्हता, मांजर नव्हतं, वाळकं पानसुद्धा नव्हतं. तरी अर्ध्यावर ते थबकलं आणि कोणीतरी पाय घातल्यासारखं परत वर गेलं.

३

व्हर्लिन होल्म समोरच राहतो. गेलनचा चाळीस वर्षांचा मित्र. तलाव गोठला की मासे धरायला दोघांची एकच झोपडी बर्फावर, दोघांच्या गळांना एकच भोक. गेलनच्या पहिल्या लग्नात तो साक्षीदार म्हणून शेजारी उभा होता, दुसऱ्यातही. आता तर तो गावाचा हिरो झाला होता. चर्चमध्ये पाद्र्यांनी त्याचं नाव घेतलं, बायकांनी त्याच्याकडे हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जेवणाची, इतकी भांडी पोचवली की त्याच्या फ्रीझरचं दार लागेना.

"घे, बटाट्याचा आहे," त्याने माझ्यापुढे ताट सरकवलं. "मदत कर. एकट्याने किती खाऊ?"

"व्हर्लिन, नेमकं काय झालं ते पुन्हा सांग."

"किती वेळा सांगू? इथेच उभा होतो, या खिडकीशी. गेलन बाहेर आला, दार लावलं, मागे वळला. आणि घसरला. दार त्याच्यावर आलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तसाच पळालो, कोटसुद्धा घातला नाही. आकडे दाबून दार वर केलं आणि लगेच फोन लावला."

"लगेच?"

"मग काय कॉफी पीत बसलो असेन?" तो दुखावल्यासारखा बोलला. "त्याच्यापाशीच होतो मी. गाडी येईपर्यंत हललो नाही. ती येते कधी नि येत नाही कधी असं झालं होतं. आर्लिस तर नंतर उगवली, पंचा गुंडाळून."

"ते दोघं फार्गोहून परत येईपर्यंत घर तूच बघत होतास, असं गेलन म्हणाला."

"मांजराला घालत होतो, दुसरं काय. आणि गस्त. आपल्या रस्त्यावर दोन गॅरेजं फोडली ना चोरांनी, दार उघडं राहिलं म्हणून. मी सगळ्यांना सांगत असतो, दार लागलं का ते बघितल्याशिवाय हलू नका." त्याने माझा कप भरला. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "लव्हॉन, मी काही म्हणत नाही हं. पण ते डोळे ठणठणीत होते, डेप्युटीने बघितले. मग भिंतीवरचं बटण कोणीतरी दाबून धरलं असेल तरच... जाऊ दे. मला त्या बाईबद्दल काही बोलायचं नाही."

नाही नाही म्हणत तो जे बोलायचं ते बोलला. आणि माझ्या मनातही तेच होतं, म्हणून मला त्याचा राग आला नाही. राग आला तो घरी जाऊन हातमोजे काढताना. रुग्णवाहिकेची चौकी त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे. दार पडताना व्हर्लिनने पाहिलं, लगेच फोन केला, गाडी लगेच आली. मग गेलनची बोटं कोणी खाल्ली?

४

दुसऱ्या दिवशी मी आधी पुनर्वसन केंद्रातल्या नर्सला गाठलं. मोठी खमकी बाई आहे.

"एवढ्या थंडीत हात उघडा राहिला तर बोटं काळी पडायला किती वेळ लागतो?"

"कातडी लवकर पांढरी पडते," ती म्हणाली. "पण बोट कापावं लागायचं म्हणजे माणूस चांगला वेळ पडून असला पाहिजे. तुमचे भाऊ चांगला वेळ पडून होते. आम्ही आपसात बोललोही, मदत पटकन मिळाली म्हणतात आणि हात असा कसा?"

मग गेलनकडे गेले. आर्लिस त्याची उशी नीट करत होती, आणि तो तिच्या हातांकडे बघत होता. बायकोच्या हातांकडे माणसाने असं बघू नये. ती बाहेर गेल्यावर मी विचारलं, "दाराच्या डोळ्यांवर बारके दिवे असतात. हिरवा दिवा कुठल्या बाजूला होता?"

"फ्रीझरच्या. मीच बसवलेत, विसरेन कसा? पिवळा डोळा उजेड सोडतो, हिरवा तो बघतो. बघणाऱ्याच्या तोंडावर ऊन आलं की तो दिपतो, त्याला वाटतं मध्ये कोणीतरी आलंय. मग दार काही लागत नाही. म्हणून हिरव्याला उन्हाकडे पाठ करून फ्रीझरच्या बाजूला बसवला. का ग?"

  आदल्या दिवशी गॅरेजमध्ये मी ते दिवे पाहिले होते. हिरवा समोरच्या बाजूला, फावडी टांगतात तिकडे होता, आणि त्याच्या तोंडावर ऊन पडलं होतं.

तडक गेलनच्या घरी गेले आणि शिडी मागितली.

"पडाल," आर्लिस म्हणाली.

"पडले तर तुझं एक काम कमी होईल."

"माझ्या डोक्यावर आणखी एक आळ येईल." पण शिडी तिनेच धरली.

वर, छताला टांगलेल्या मोटारीच्या लोखंडी पट्टीवर, मी बोट फिरवलं. सगळीकडे वर्षानुवर्षांची धूळ. एकाच जागी धूळ नव्हती. तिथे चिकटपट्टीचा गोंद होता, अजून बोटाला लागणारा, आणि त्यात तांब्याच्या तारेचे दोन बारीक तुकडे अडकले होते.

शिडीवरून उतरले तेव्हा आर्लिस माझा चेहरा वाचत होती. "काय आहे वर?"

"डोळे वर होते," मी म्हटलं. "ज्या सकाळी गेलनने पाय घातला, त्या सकाळी या दाराचे दोन्ही डोळे इथे, छताला, एकमेकांकडे बघत बसले होते."

५

गुरुवारी मी व्हर्लिनला पुनर्वसन केंद्रात बोलावलं. गेलन खुर्चीत बसला होता, आर्लिस खिडकीपाशी उभी होती. व्हर्लिन वड्यांचा डबा घेऊन आला.

"कसा आहेस म्हाताऱ्या? झोपडी ओढून ठेवलीय तलावावर, तुझ्या नावाने एक भोकही पाडलंय."

"बस, व्हर्लिन," मी म्हटलं. "ही युक्ती गावात सगळ्यांना माहीत आहे. बर्फाची वावटळ दारात शिरली की डोळ्यांना वाटतं कोणीतरी मध्ये आलंय, आणि दार लागत नाही. लोक वैतागतात. डोळे काढतात, छतापाशी नेऊन समोरासमोर चिकटवतात. मग मध्ये कधीच काही येत नाही आणि दार हमखास लागतं. चोर बाहेर राहतो. फक्त दाराखाली माणूस असला तर तोही दाराला दिसत नाही."

"माझ्या गॅरेजात हे? मी कधीच करणार नाही," गेलन म्हणाला.

"तू नाहीच केलंस. फार्गोला जायच्या दिवशी तुझ्या पायाने दार परत फिरत होतं. म्हणजे ते तुम्ही नसताना झालं. आणि अपघातानंतर डेप्युटीने झाडू धरला तेव्हा डोळे परत खाली होते. पण घाईत बसवले, म्हणून अदलाबदल झाली. सकाळी ऊन नसतं, डेप्युटीला कळलं नाही. दुपारी हिरवा डोळा दिपला आणि आर्लिसला दार लागेना. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो. दार पडलं त्या क्षणापासून डेप्युटी येईपर्यंत गॅरेजमध्ये कोण होतं?"

व्हर्लिनने वड्यांचा डबा मांडीवर घेतला.

"मला आर्लिसचा संशय होता," मी म्हटलं. "मनापासून होता. पण ती भोंगा वाजल्यावर बाहेर आली. हे मला तिने सांगितलं म्हणून मी मानलं नसतं. व्हर्लिन, ते मला तू सांगितलंस. दार पडताना पाहिलं, तसाच पळालो, तिथून हललो नाही, हेही तूच सांगितलंस. पहिल्यापासून शेवटपर्यंत तिथे तू होतास, दुसरं कोणीच नव्हतं."

व्हर्लिनने डबा मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, मग परत मांडीवर घेतला. "मी चांगल्यासाठी केलं," तो म्हणाला. "त्या वावटळीत दार लागत नव्हतं. घर उघडं टाकून मी झोपायला कसा जाणार होतो? तुझ्याच सामानाची काळजी होती रे! तू आलास की सांगणार होतो. रात्री उशीर झाला, म्हटलं सकाळी सांगू. सकाळी कॉफी ओतत होतो, आणि खिडकीतून बघतो तर..."

"मग धावलास," गेलन म्हणाला. तो हळू बोलत होता. "दार वर केलंस. फोन केलास."



"फोन लगेच नाही. आधी दोन डोळे वरून काढायचे," मी म्हटलं. "तारा सोडवायच्या, खाली जोडायच्या, स्क्रू आवळायचे, आणि दोन्ही दिवे स्थिर जळेपर्यंत ते समोरासमोर आणायचे. गारठलेल्या बोटांनी. हे झटपट होणारं काम नाही. कॉफी काचेसारखी गोठली तोपर्यंत. याची बोटंही."

गेलनने पट्टी बांधलेला हात मांडीवरून उचलला आणि स्वतःच बघत राहिला. "मी तिथे पडलो होतो," तो म्हणाला, "आणि तू शिडी लावलीस?"

"मला वाटलं तू गेलास!" व्हर्लिन ओरडला. दारावरून जाणारी नर्स थांबली. "हलत नव्हतास, डोक्याखाली रक्त. मला वाटलं संपलं. म्हटलं, तो तर गेला, आता माझ्यावर... लोक काय म्हणतील, व्हर्लिनने मित्राला मारलं? मला काही सुचलं नाही, गेलन. देवाशप्पथ."

"नाडी बघितलीस?"

"काय?"

"मी गेलो असं तुला वाटलं. हात लावून बघितलंस का?"

व्हर्लिन डब्याचं झाकण उघडत होता, लावत होता. विमा कंपनीत असताना अशा क्षणी मी जिंकायचे. त्या दिवशी मात्र जिंकल्यासारखं वाटलं नाही. गेलनच्या चेहऱ्यावर राग असता तर मला चाललं असतं. तो लहानपणी आमचा कुत्रा विकला तेव्हा दिसला होता तसा दिसत होता, काहीच न समजल्यासारखा.

"आणि नंतर?" खिडकीपाशी उभ्या असलेल्या आर्लिसने विचारलं. "मी रोज तुला धन्यवाद म्हणत होते, व्हर्लिन. तुला जेवायला बोलावलं. आणि तू लव्हॉनला भिंतीवरच्या बटणाचं सांगितलंस."

"मी तुझं नाव घेतलं नाही."

"नाही. तेवढं मात्र तू जपलंस."

तो उठला. डबा तिथेच राहिला. दारापाशी थांबून तो गेलनकडे वळला, काहीतरी म्हणेल असं वाटलं, पण गेलनने मान भिंतीकडे फिरवली होती. मग त्याच्या बुटांचा आवाज दूर गेला.

६

डेप्युटी रॉनिंगने पुढचं सगळं लिहून घेतलं. ते त्याचं काम आहे, त्यात मी शिरत नाही.

शुक्रवारी सकाळी गेलन दाढी करून तयार बसला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला घरी जायची घाई झाली होती. आर्लिसने त्याचे कपडे घडी करून पिशवीत भरले, कुठली गोळी कधी ते मला नीट समजावलं, काठीचं रबर तपासलं. एकही काम तिने अर्धवट सोडलं नाही.

"आर्लिस," गेलन म्हणाला, "संपलं एकदाचं. आता दार नवीन बसवू. तू म्हणशील ते."

ती त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. बांधून झाल्यावरही ती तशीच खाली बसून राहिली.

"त्याने तुला मेलेलं समजलं," ती म्हणाली. "वाईट केलं त्याने. पण ते एका सकाळीपुरतं होतं. तू मला किती दिवस खुनी समजत होतास?"

"माझ्या डोक्याला मार लागला होता, आर्लिस. दुसरं काही जुळतच नव्हतं."

"मला विचारायचं होतंस. मी रोज इथेच बसत होते, या खुर्चीत. तू तुझ्या बहिणीला बोलावलंस."

गेलनने माझ्याकडे पाहिलं, जणू याचंही उत्तर मी तपास करून काढेन. मला एकच सुचत होतं, की तिचा संशय आल्यावर मला बरं वाटलं होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं.

नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली. "चला, सुटका झाली! घरी कोण नेतंय यांना?"

आर्लिस उठली. कोट घालून तिने गळ्यापर्यंत बटणं लावली.

"त्यांची बहीण," ती म्हणाली.